ओमानचा समुद्र : डुबकी, बुडालेली जहाजं आणि वाळूतलं सागरी पुरातत्त्व (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मस्कतला राहायला आल्यापासून नातेवाईक, मित्र आणि मित्रांचे मित्र तेच तेच प्रश्न पाठवत आले आहेत. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळी एकत्र मांडतोय. साधे प्रश्न आधी, किचकट नंतर. एकाचं उत्तर दुसऱ्यात येत असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ओमान म्हणजे नुसती वाळू ना? तिथे पाण्याखालचे खेळ कसले?

वाळू आहेच. देशाचा बहुतेक भाग वाळवंट आणि खडकाळ माळ आहे, बारमाही नदी एकही नाही. मस्कतला वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात जुलैतल्या एखाद्या दिवशी तेवढा कोसळतो. पण याच देशाला दोन हजार किलोमीटरहून लांब किनारा आहे, आणि प्यायचं पाणीसुद्धा मुख्यतः समुद्राचंच, खारेपणा काढून नळाला येतं.

कोरडेपणाचा डुबकी मारणाऱ्यांना फायदाच होतो. आपल्याकडे पावसाळ्यात नद्या गाळ आणून ओततात आणि किनाऱ्यालगतचं पाणी चहासारखं होतं. इथे गाळ आणायला नदीच नाही. त्यामुळे किनाऱ्याजवळही दहा-पंधरा मीटरवरचं दिसतं. प्लवकांनी, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांनी, पाणी हिरवट झालं की मात्र दिसत नाही, त्याबद्दल प्रश्न ४ मध्ये.

२. मला पोहता येत नाही. तरी स्कूबा (पाठीवर हवेचं सिलिंडर घेऊन पाण्याखाली जाणं) जमेल का?

एकदा अनुभव घेण्यापुरतं जमेल. प्रशिक्षक हात धरून नेतो, १२ मीटरपेक्षा खोल नेत नाहीत, आणि आधी उथळ पाण्यात श्वास घ्यायचा व मास्कमधलं पाणी काढायचा सराव करून घेतात. हा सराव उरकून टाकणाऱ्याबरोबर जाऊ नका. माझ्या पहिल्या वेळी भाड्याच्या मास्कची कड सैल होती. सहा मीटरवर नाकाशी पाणी आलं आणि जीव घाबरा झाला. आधी उथळ पाण्यात मास्कची वरची कड दाबून नाकाने फुंकायची सवय दहा वेळा करून घेतली होती म्हणून निभावलं.

परवाना हवा असेल तर पोहणं लागतंच. पहिल्या पातळीच्या अभ्यासक्रमात २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. वेगाची अट नाही. त्या परवान्यावर १८ मीटरपर्यंत जाता येतं, पुढच्या पातळीवर ३० मीटर. मुलांसाठी बहुतेक ठिकाणी किमान वय १० आहे.

दमा, कानाची शस्त्रक्रिया, हृदयविकार, गर्भारपण यांपैकी काही असेल तर बोटीवरच्या पोराला विचारून भागत नाही, डॉक्टरला विचारा. आरोग्याच्या फॉर्मवर सगळीकडे ‘नाही’ लिहून मोकळं होण्याची आपली सवय इथे महागात पडते.

३. मस्कतजवळ नेमकं जायचं कुठे?

वेळ एकाच दिवसाचा असेल तर दयमानियात बेटं. मस्कतच्या पश्चिमेला, किनाऱ्यापासून साधारण १८ किलोमीटरवर नऊ बेटांची रांग आहे. १९९६ पासून ती निसर्गराखीव आहे आणि प्रवेशाला परवाना लागतो. तो बोटवाले काढतात, पण पैसे देण्याआधी त्यात धरलाय ना हे विचारून घ्या. प्रवाळ, कासवं, बिबट्या मुशी इथे सहज दिसतात. उन्हाळ्याच्या महिन्यांत बेटांवर उतरू देत नाहीत, कारण तेव्हा कासवं आणि पक्षी अंडी घालतात.

बोट लागत असेल किंवा बरोबर लहान मुलं असतील तर बंदर खैरान बरं. खडकांच्या आत शिरलेल्या खाड्या आहेत, लाटा कमी. उत्तरेला मुसंदममध्ये डोंगर सरळ पाण्यात उतरतात आणि प्रवाह जोरदार असतात, ते नवशिक्याचं काम नाही. मात्र तिथल्या खसब गावाहून लाकडी बोटीने डॉल्फिन बघत टेलिग्राफ आयलंडला कोणीही जाऊ शकतो. हिंदुस्थान आणि लंडन जोडणाऱ्या तारेचं ठाणं १८६४ च्या सुमारास या उघड्या खडकावर होतं. तिथल्या उन्हात तार खात्याच्या बाबूंनी दिवस कसे काढले असतील, कोण जाणे.

४. कोणत्या महिन्यात यावं?

मस्कतकडे ऑक्टोबर ते मे. व्हेल शार्क बघायचा असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर, पण बोटीवर उकडून निघायची तयारी ठेवा. उन्हाळ्यात एक गंमत होते. वर ३० अंशांचं कोमट पाणी, आणि दहा-पंधरा मीटर खाली गेलात की एकदम गारठा. सीमारेषा डोळ्यांना दिसते, काचेमागचं चित्र हलावं तशी. म्हणून बाहेर ४२ अंश असले तरी पूर्ण पोशाख घाला.

दक्षिणेला, धोफारमध्ये, हिशेब उलटा आहे. जून ते सप्टेंबर तिथे ‘खरीफ’. हा आपलाच नैऋत्य मोसमी वारा. सलालाचे डोंगर हिरवेगार होतात, पण समुद्र खवळलेला असतो आणि डुबकीचा हंगाम बंद. वारा किनाऱ्यालगतचं पाणी लोटून देतो, खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. ओमानच्या समुद्रातले मासे पोसले जातात ते यावर.

कधीकधी शैवालाचा लाल थर येतो. २००८-०९ मध्ये तो इतका पसरला आणि टिकला की मासे मेलेच, पण पाणी गोडं करणारे कारखानेही अडचणीत आले. असा थर असताना बोटवाला म्हणाला ‘खाली ठीक आहे’, तरी पैसे परत मागा.

५. बुडालेलं जहाज बघायला मिळेल का?

मिळेल. बंदर खैरानजवळ ‘अल मुनासिर’ आहे. ओमानी नौदलाचं ऐंशी मीटरहून लांब जुनं जहाज, २००३ मध्ये मुद्दाम बुडवलेलं, माशांना घर म्हणून. तळ साधारण ३० मीटरवर, त्यामुळे वरच्या पातळीचा परवाना हवा. बुडवण्याआधी आतल्या खोल्या मोकळ्या केल्या होत्या, तरी शिकल्याशिवाय आत शिरू नका. आता ते मऊ प्रवाळाने मढलंय आणि आत माशांची इतकी गर्दी असते की जहाजाचं पोलाद शोधावं लागतं. आपल्याकडे सिंधुदुर्गात निवतीच्या खडकांपाशी ‘आयएनएस गुलदार’चा प्रकल्प आहे, त्याची कल्पना साधारण हीच.

हे पुरातत्त्व नव्हे. खऱ्या जुन्या जहाजाची गोष्ट प्रश्न ८ मध्ये.

६. सकाळी डुबकी, दुपारी जबल अखदरचा डोंगर, रात्रीचं मुंबईचं विमान. जमेल ना?

नाही. हा प्रश्न मला सर्वात जास्त वेळा येतो आणि याचं उत्तर चुकलं तर माणूस जन्माचा अधू होऊ शकतो.

दाबाखाली श्वास घेताना नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. मध्येच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे बुडबुडे होतात, सोड्याची बाटली उघडावी तसे. विमानाच्या केबिनमधला दाब सुमारे २४०० मीटर उंचीवरच्या हवेइतका खाली जाऊ शकतो. जबल अखदरचं सैक पठार २००० मीटरवर आहे. म्हणजे गाडीने दोन-अडीच तासांत तुम्ही जवळपास विमानातच बसता. फरक एवढाच की विमानाचं सगळ्यांच्या लक्षात असतं, घाटाचं कोणाच्याच नसतं.

नियम असा : एकच साधी डुबकी असेल तर किमान १२ तास थांबा. एकाहून जास्त किंवा सलग दिवस असतील तर किमान १८. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील तर १८ तासांहून बराच जास्त वेळ. मी सगळ्यांना सरसकट २४ सांगतो, डोकेफोड नको. क्रम फिरवा : आधी डोंगर, मग समुद्र, शेवटचा दिवस मत्रहच्या बाजारात लोबान आणि हलवा घेण्यात घालवा. स्नॉर्केलिंगला हा नियम नाही, कारण तुम्ही दाबाखालची हवा घेत नाही.

डुबकीनंतर सांधे ठणकले, मुंग्या आल्या, चक्कर आली तर ‘झोपून उठलो की बरं वाटेल’ म्हणू नका. लगेच ऑक्सिजन आणि दवाखाना.

७. वाळवंटात सागरी पुरातत्त्व म्हणजे काय, वाळूत जहाज सापडतं का?

जहाज नाही, पण जहाजाची कात सापडते. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल जिन्झ आहे, लोक तिथे रात्री हिरवी कासवं बघायला जातात. त्याच किनाऱ्यावर १९८५ पासून इटालियन आणि फ्रेंच पुरातत्त्वज्ञांनी खोदकाम केलं. साडेचार हजार वर्षांच्या आसपासच्या घरांत त्यांना काळ्या डांबराचे तीनशेहून जास्त तुकडे मिळाले.

असा एक तुकडा डोळ्यांपुढे आणा. तळहाताएवढा, चिक्कीसारखा तुटलेला. एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि त्या बांधणाऱ्या दोरीचे ठसे, दोरीचा पीळसुद्धा ओळखू येतो. उलट्या बाजूला बार्नेकल, म्हणजे जहाजाच्या बुडाला चिकटणारे कवचवाले जीव. एका बाजूला बोट, दुसऱ्या बाजूला समुद्र. बोट कधीच कुजून गेली, पण तिला लावलेला लेप उरला. डांबर महाग होतं, मेसोपोटेमियाकडून यायचं, म्हणून खरवडून पुन्हा वितळवायला घरात साठवलेलं.

याच वस्तीत सिंधू लिपी कोरलेल्या वस्तू आणि सिंधूकाठची काळी रांजणंही मिळाली. मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन बढाई मारतो की मेलुहा, मगन आणि दिलमुनची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मगन म्हणजे ओमानचा हा भाग, मेलुहा म्हणजे सिंधूचा प्रदेश, दिलमुन म्हणजे बहारीनचा परिसर, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

सागरी पुरातत्त्व म्हटलं की लोकांना सिलिंडर आणि फ्लिपर आठवतात. या देशात मात्र त्याचा मोठा भाग टोपी घालून, कोरड्या वाळूत, ब्रश हातात घेऊन झालेला आहे.

८. वास्को द गामाचं जहाज ओमानला सापडलं हे खरं का?

त्याच्या सफरीतलं जहाज सापडलं हे खरं, पण त्यावर गामा स्वतः नव्हता. त्याच्या मामांची जहाजं होती, अगदी सख्ख्या मामांची.

गामाच्या १५०२ च्या दुसऱ्या सफरीत विसेंत आणि ब्रास सोद्रे हे त्याच्या आईचे भाऊ होते. गामा १५०३ च्या सुरुवातीला लिस्बनकडे परत निघाला. जाताना मामांना सांगून गेला : कोची आणि कण्णूरच्या वखारी सांभाळा. मामांनी कोचीच्या राजाला त्याचा शत्रू कालिकतचा राजा सामुरी याच्या तोंडी सोडलं आणि अरबी जहाजं लुटायला एडनच्या आखाताकडे निघून गेले. लूट भरपूर मिळाली. एप्रिलमध्ये डागडुजीसाठी ते आजच्या हल्लानियात बेटांपाशी, जुन्या नावाने खुरिया मुरिया, थांबले.

बेटावरच्या मासेमारांनी त्यांना बजावलं की उत्तरेकडून मोठा वारा येणार आहे, इथून हला. कॅरावेल, म्हणजे लहान शिडाच्या होड्या, बेटाच्या आडोशाला गेल्या आणि वाचल्या. सोद्रे बंधूंना आपल्या लोखंडी नांगरांवर भरवसा होता. मे महिन्यात वारा आला आणि दोन्ही मोठी जहाजं खडकांवर फुटली. विसेंत आपल्या ‘एस्मेराल्डा’ जहाजाबरोबर बुडाला. ब्रास तेव्हा वाचला, पण पुढे तोही घरी पोचला नाही. नारळी पौर्णिमेआधी होडी समुद्रात न घालणाऱ्या आपल्या कोळ्यांना ही गोष्ट सांगितली तर त्यांना यात नवल वाटणार नाही.

१९९८ मध्ये, गामाच्या पहिल्या सफरीला ५०० वर्षं झाली तेव्हा, एका ब्रिटिश शोधपथकाला अल हल्लानिया बेटाच्या उपसागरात दगडी तोफगोळे दिसले. नीट उत्खनन ओमानच्या वारसा मंत्रालयाबरोबर २०१३ ते २०१५ मध्ये झालं, घोषणा २०१६ मध्ये. २८०० हून जास्त वस्तू निघाल्या : काशाची घंटा, लिस्बनची सोन्याची नाणी, तोफगोळे, आणि ‘इंडिओ’ नावाचं चांदीचं नाणं. हे नाणं १४९९ मध्ये खास हिंदुस्थानच्या व्यापारासाठी पाडलेलं, त्याआधी जगात त्याची एकच प्रत माहीत होती.

एक खोच लक्षात ठेवा. ‘एस्मेराल्डा’ हे नाव कशावरही कोरलेलं नाही. जागा, काळ, नाणी आणि जुन्या बखरी यांचा मेळ घालून ती ओळख पटवली आहे. मला ती पटते, पण तो निष्कर्ष आहे, पाटी नव्हे.

९. घंटेवरचं साल आणि ती ‘थाळी’ यांचं काय प्रकरण आहे?

घंटा पाचशे वर्षांच्या थराखाली होती. सीटी स्कॅन केल्यावर त्यावर ‘४९८’ हे आकडे दिसले, म्हणजे १४९८. थाळी म्हणजे साडेसतरा सेंटिमीटर व्यासाची, दोन मिलिमीटरहून पातळ तांब्याच्या मिश्रधातूची चकती. तिच्यावर पोर्तुगालची राजमुद्रा दिसत होती, पण वापर कळेना. वॉरिक विद्यापीठाच्या लोकांनी लेझरने मोजणी केली तेव्हा कडेला बारीक रेघा उमटल्या, दर पाच अंशांवर एक. मग उलगडा झाला : हे खलाशांचं ॲस्ट्रोलेब, सूर्याची उंची मोजून आपण किती अक्षांशावर आहोत ते काढायचं साधन. २०१९ मध्ये ही दोन्ही, आपापल्या प्रकारातली सर्वांत जुनी म्हणून, गिनेस बुकात नोंदली गेली.

१०. मग त्या जागेवर डुबकी मारता येईल?

पर्यटक म्हणून नाही, आणि मारलीत तरी निराश व्हाल. उपसागर उथळ, लाटा आडदांड. जहाजाचा लाकडी सांगाडा उरलेलाच नाही, वस्तू खडकांच्या भेगांत आणि वाळूत विखुरल्या होत्या. त्यापेक्षा मस्कतच्या राष्ट्रीय संग्रहालयात सागरी इतिहासाचं दालन आहे, ते बघा. सलालाला जाणार असाल तर अल बलीदचं संग्रहालय आणि जवळचं सुमहुरमचं प्राचीन बंदर चुकवू नका. सुमहुरममध्ये तमिळ-ब्राह्मीत नाव कोरलेलं खापर निघालं आहे. दोन हजार वर्षांपूर्वी मडक्यावर आपलं नाव घालून लोबान घ्यायला आलेला कोणी दाक्षिणात्य!

११. डुबकीत नाणं किंवा मडकं दिसलं तर ठेवून घेता येतं का?

येत नाही. ओमानमध्ये २०१९ चा सांस्कृतिक वारसा कायदा आहे, पाण्याखालचा वारसाही त्यात येतो. फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, बोटप्रमुखामार्फत वारसा खात्याला कळवा.

‘मी नाही घेतलं तर दुसरा घेईल’ असं एका मित्राने मला सुनावलं होतं. त्याला दिलेलं उत्तर : घेतलंस तरी ते तुझ्याकडे टिकणार नाही. पाचशे वर्षं मुरलेलं मीठ धातूत असतं. वस्तू कोरड्या हवेत आली की ते खायला लागतं, लोखंड पापुद्र्यांनी सुटतं, लाकूड आक्रसून तडकतं. प्रयोगशाळेत महिनोन्महिने पाण्यात ठेवून मीठ उतरवावं लागतं. शोकेसमध्ये ठेवलेलं मडकं मिठाच्या पांढऱ्या खपल्यांनी एके दिवशी फुटतं.

प्रवाळ आणि कासवाची अंडी यांनाही हात लावू नका. ड्रोनला वेगळी परवानगी लागते, पाण्याखालच्या साध्या कॅमेऱ्याला लागत नाही.

१२. खिळ्यांशिवाय शिवलेली जहाजं खरंच समुद्रात टिकत होती?

मस्कतमधल्या अल बुस्तानच्या चौकात गाडी लावा आणि ‘सोहार’ बघा. ब्रिटिश दर्यावर्दी टिम सेव्हरिन १९८०-८१ मध्ये याच जहाजातून मस्कतहून थेट चीनच्या कँटनपर्यंत गेला. जवळ गेलात की फळ्यांच्या सांध्यांवर काथ्याचे टाके दिसतात, गोधडीला घालावे तसे. लाकूड आणि काथ्या मलबारकडचा, कारण ओमानमध्ये जहाजाजोगं लाकूड उगवत नाही. वाळवंटाला समुद्र ओलांडायचा तर आधी केरळशी सोयरीक हवी.

असंच शिवून बांधलेलं ‘ज्वेल ऑफ मस्कत’ २०१० मध्ये कोची, गॉल, पेनांगमार्गे सिंगापूरला पोचलं. त्याचा आराखडा इंडोनेशियात बेलितुंगजवळ सापडलेल्या नवव्या शतकातल्या जहाजावर बेतलेला होता. अलीकडे आपल्या नौदलाने गोव्यात शिवून घेतलेल्या ‘कौंडिण्य’ने डिसेंबर २०२५ च्या अखेरीस पोरबंदरहून मस्कतचीच वाट धरली.

१३. पण ते बोरूचं जहाज तर बुडालं होतं ना? मग प्रश्न ७ मधलं सगळं खोटंच की!

बुडालं. २००५ च्या सप्टेंबरमध्ये ‘मगन’ नावाची १२ मीटरची बोरूची, डांबर लावलेली बोट ओमानच्या सूर बंदरातून कच्छच्या मांडवीला निघाली, आणि किनारा फार मागे पडायच्या आतच तिच्यात पाणी भरलं. आठही जणांना सोबतच्या नौदलाच्या जहाजाने सुखरूप उचललं.

म्हणून सिद्धांत खोटा ठरत नाही. डांबरावरचे बार्नेकल सांगतात की अशी बोट बराच काळ समुद्रात होती. ती कशी बांधायची हे आपण विसरलोय, एवढंच त्या बुडण्याने सिद्ध झालं. पिढ्यान् पिढ्या हात बसलेला कारागीर आणि पुस्तक वाचून डांबर ढवळणारे आपण, यात फरक राहणारच. आजीच्या हातची पुरणपोळी पहिल्या प्रयत्नात फाटली म्हणून आजी ती करतच नव्हती असं कोणी म्हणत नाही.

१४. सागरी पुरातत्त्वाचं काम शिकायचं असेल तर ओमानलाच यावं लागेल का?

नाही. गोव्यातली, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गेली कित्येक वर्षं सागरी पुरातत्त्वाचं काम करते आहे. द्वारकेबरोबरच गोव्याच्या सुंची खडकापाशी बुडालेलं सतराव्या शतकातलं पोर्तुगीज जहाजही तिने तपासलं, त्यात हत्तीचे आणि पाणघोड्याचे दात निघाले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचीही पाण्याखालची शाखा आहे. आधी पुरातत्त्वाची पदवी घ्या, डुबकी नंतर शिका. उलट क्रमाने आलेले लोक मासे छान ओळखतात, खापर ओळखत नाहीत.

१५. चष्मा आहे. मास्कच्या आत घालू?

नाही, काडीमुळे कड बसत नाही आणि पाणी शिरतं. नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, बोट बुक करतानाच डोळ्यांचा नंबर कळवा. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, फक्त प्रश्न २ मधल्या सरावाच्या वेळी मास्कमध्ये पाणी घेताना डोळे मिटा. माझी एक लेन्स अजून बंदर खैरानच्या तळाशी आहे.